रिकाम्या टाकीला घाम येतो

सकाळचे नऊ वाजले होते, धानाचा सीझन लागलेला, आणि यार्डातले चार ट्रॅक्टर अन् दोन ट्रक काही केल्या सुरू राहत नव्हते. सेल्फ मारला की दोन मिनिटं धडधडायचे आणि बंद. मी एका ट्रॅक्टरचा फिल्टर उघडला. आत काळा, बुळबुळीत गाळ.

रायपूरच्या एका ट्रान्सपोर्टरकडे मी वर्कशॉप मॅनेजर होतो. आमच्या यार्डात डिझेलची स्वतःची मोठी टाकी होती आणि तिची किल्ली अठरा वर्षं गुलाबरावांच्या कमरेला असायची. गुलाबराव मूळचे भंडाऱ्याकडचे. सगळ्या यार्डात मराठी बोलणारे आम्ही दोघंच. चारचौघांत ते मला ‘साहेब’ म्हणायचे. जेवणाचा डबा उघडला, की ‘भाऊ’.

मालक आले. गाळ पाहिला आणि माझ्याकडे वळून त्यांनी निकाल देऊन टाकला. “सीधी बात है, मेश्राम जी. डीज़ल बेचा, पानी मिलाया. चाबी किसके पास है?”

सगळे ड्रायव्हर गोळा झालेले. गुलाबराव समोर उभे. आणि माझ्या तोंडून निघून गेलं, “गुलाबराव, डिझेलमंदी पाणी कुठून आलं?”

किल्ली सोडवून त्यांनी माझ्या टेबलावर ठेवली. “घ्या, साहेब,” म्हणाले आणि डबा उचलून निघून गेले.

मग मी तपासाला लागलो. आधी लागायला हवं होतं.

मोठ्या टाकीत एक लांब रॉड सोडून डिझेल मोजतात. त्याच्या टोकाला एक पेस्ट लावतात, पाणी लागलं की तिचा रंग बदलतो. रॉड बाहेर काढला. रंग जसाच्या तसा. म्हणजे टाकीत पाण्याचा थेंब नव्हता.

मग काचेच्या बाटल्या घेतल्या आणि बंद पडलेल्या सहाही गाड्यांच्या टाकीच्या तळाचं डिझेल काढलं. पाणी डिझेलपेक्षा जड, ते खाली बसतं. सहाही बाटल्यांत खाली बोटभर पाणी आणि त्याच्यावर मळकट साय. सातवी बाटली रोज धावणाऱ्या ट्रकची. त्यानंही त्याच मोठ्या टाकीतून डिझेल घेतलेलं, पण बाटली चकचकीत होती.

या सहाच गाड्यांचं काय चुकलं? मी रजिस्टर उघडलं. सहाही गाड्या पावसाळाभर उभ्या होत्या आणि चोरी होऊ नये म्हणून त्यांच्या टाक्या जवळपास रिकाम्या करून ठेवल्या होत्या. ऑर्डर माझी. खाली सही माझी.

रिकाम्या टाकीत हवा भरते. पावसाळ्यात ती दमट असते. पत्रा गार झाला, की आतून थेंब धरतात आणि ओघळून तळाशी जातात. पाणी आणि डिझेल जिथं भेटतात तिथं बारीक जंतू वाढतात, त्यांचाच हा गाळ. डिझेल चांगलं असून भागत नाही, ते ठेवावंही नीट लागतं.

आणि हे मला सांगितलं होतं. ऑर्डर काढली त्या दिवशी पोळीचा तुकडा हातात धरून गुलाबराव म्हणाले होते, “भाऊ, टाक्या रिकाम्या नोका करू. रिकाम्या टाकीले घाम येते.” मी हसलो होतो. डिप्लोमा माझ्याकडे होता ना.

मालकांना सगळं सांगितलं, सहीसकट. ते म्हणाले, “अच्छा? तो बुला लो वापस.” त्यांच्यासाठी तेवढंच होतं.

दुपारी पुरानी बस्तीत गुलाबरावांच्या घरी गेलो. त्यांनी खुर्ची दिली, चहा केला, सगळं ऐकून घेतलं. मग शांतपणे म्हणाले, “मालकाचं मले काई वाटलं नाई, साहेब. मालक तं बोलतेच. पण तुमी विचारलं.”

“चुकलं माझं. उद्यापासून या.”

“नाई, साहेब. पोरगी कधीची बोलावून राहिली गोंदियाले. आता जातो.”

खोलीत आम्ही दोघंच होतो, तरी ते ‘साहेब’च म्हणत होते. ते मला तेव्हाच कळलं आणि फार लागलं.

गाड्यांचं काम सरळ होतं. तळाचं पाणी काढलं, टाक्या धुतल्या, जंतू मारायचं औषध टाकलं, फिल्टर बदलले. चौथ्या दिवशी सहाही गाड्या धान भरायला गेल्या. पुढच्या पावसाळ्यापासून उभ्या गाड्यांच्या टाक्या वरपर्यंत भरून झाकणांना कुलपं लावायला लागलो. डबा मात्र एकट्यानं खायला लागलो.

आता मी रिटायर आहे. घरी पोराशी मराठीत बोललो तरी तो “हाँ पापा” म्हणून मोकळा होतो. दर पोळ्याला मी गोंदियाला फोन लावतो. गुलाबराव माझे गुडघे विचारतात, जावयाच्या ट्रॅक्टरचं सांगतात. मी बोलणं लांबवत राहतो. एका शब्दाची वाट पाहतो. शेवटी ते म्हणतात, “बरं, ठेवतो, साहेब.”

कुणी विचारलंच तर एवढं सांगतो. गाडी महिनोन्महिने उभी ठेवायची, तर टाकी भरून ठेवा. आणि माणसाला काही विचारायच्या आधी बाटली पाहून घ्या.