दुसऱ्या हंगामाचं पत्र

सूर्यभान इंगोले अकोल्याच्या शेतकी कॉलेजात शिकवायचा, तेव्हा आम्ही दोघं एकाच खोलीत राहत होतो. त्याची बायको सुभद्रा वलगावला, सासरी. १९६१ साली त्याला नागपूरची पीएच.डी. मिळाली. घराण्यात एवढं कोणी शिकलं नव्हतं, पण गडी खूश दिसेना. कपाशीला ज्या बुरशीनं मर लागते, उभी झाडं वाळून जातात, तिच्यावर त्याला पुढं काम करायचं होतं आणि त्यासाठी लागणारी प्रयोगशाळा आपल्याकडे नव्हती. परदेशातल्या एखाद्या विद्यापीठात दोन वर्षांची जागा मिळावी, एवढाच ध्यास.

नागपूरच्या लायब्ररीतल्या नियतकालिकांतून त्यानं प्राध्यापकांचे पत्ते उतरवून आणले. रविवारी टायपिंग क्लासच्या मशीनवर पत्रं ठोकायची, सोमवारी पोस्टात टाकायची. पुढं पोस्टमनची वेळ झाली की शिकवता शिकवता हा खडू घेऊन खिडकीशी जायचा. उत्तरं यायची, पण बहुतेक एकाच चालीची: काम आवडलं, सध्या जागा नाही. अर्धी भाकर तशीच ठेवून तो व्हरांड्यात येरझारा घालायचा. जरा दम धर, असं मी एकदा म्हटलं, तर दोन दिवस माझ्याशी बोलला नाही.

बासष्टच्या मार्चमध्ये कॅनडातल्या एका प्राध्यापकाचं पत्र आलं. त्यांच्याकडे जागा होती. मातीत निंबाची ढेप, म्हणजे निंबोळीचं तेल काढून उरलेली पेंड, मिसळली तर मर कमी होते, असं सूर्यभाननं प्रबंधात दाखवलं होतं. दुसऱ्या वर्षी हाच प्रयोग केला तेव्हा काय दिसलं, एवढंच त्यांनी विचारलं होतं.

दुसऱ्या वर्षी त्यानं तो केलाच नव्हता.

'तेच दिसलं' असं पत्र त्यानं टाइप करून आणलं. आठवडाभर ते उशाखाली होतं. मग फाडलं आणि खरं ते लिहिलं: केला नाही, या पावसाळ्यात करतो. जागा तोवर राहील याचा भरवसा नव्हता.

जूनमध्ये वलगावला, वडिलांच्या वावरात, त्यानं बारा वाफे आखले. दर शनिवारी जायचा. एकदा मीही गेलो. तो सप्टेंबर होता. पाऊस फार झाला होता आणि ढेप घातलेल्या वाफ्यांतही झाडांनी माना टाकल्या होत्या. सूर्यभान बांधावर बसला. साल वाईट होतं, हे आकडे न पाठवलेले बरे, असं म्हणू लागला.

त्याचे वडील नत्थुजी एक वाळलेलं झाड उपटून मूळ पाहत होते. म्हणाले, "मेले ते मेले. लपवून कोनाले फसवून राहिला तू? तुहं वाचून उद्या मी ढेप टाकली, अन् माहं वावर गेलं तं?"

त्यानं सगळे आकडे पाठवले. पुढचे चार महिने त्याला धड झोप नव्हती. मास्तरकीच सोडतो म्हणायचा, मधेच बँकेतल्या नोकरीचा अर्ज आणायचा, भरायचा नाही. फेब्रुवारीत उत्तर आलं. ढेप त्या वर्षी का फसली हेच आपण शोधू, सप्टेंबरात या, असं प्राध्यापकांनी लिहिलं होतं.

कॅनडात दोनाची तीन वर्षं झाली. ओल फार राहिली की ढेपेचा गुण टिकत नाही, एवढं सापडलं. बाकी पुष्कळ राहिलं. सहासष्टमध्ये तो परतला, अकोल्यात घर घेतलं आणि सुभद्राला आणायला गेला. मधल्या काळात ती शिक्षिका होऊन गावच्या शाळेत लागली होती. परीक्षा होईस्तोवर पोरं सोडून येत नाही, असं तिनं सांगितलं. तो एकटाच परत आला आणि दोन महिने त्या रिकाम्या घरात येरझारा घालत राहिला.