उसण आणि ईसीजी

"मॅडम, यायले उसण भरली होती. हार्टचं काही नाही," कमलबाई मलाच समजावत होत्या. माझ्या हातात त्यांच्या नवऱ्याचा, रामभाऊंचा ईसीजी होता. हार्ट अटॅक होता, आणि चांगला मोठा.

मी हृदयविकारावर संशोधन करते. हृदयाच्या रक्तवाहिनीत गुठळी अडकली की पुढचा स्नायू मरायला लागतो. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन असतं, पण ते पहिल्या काही तासांतच खरं कामाचं. मोताळा तालुक्यातल्या लोकांना ते जवळच मिळावं म्हणून आमचा प्रोजेक्ट. तिथल्या दवाखान्यात ईसीजीचं मशीन आलं, इंजेक्शनसाठी फ्रीज आला, नर्सचं ट्रेनिंग झालं. पेशंट मात्र उशिराच यायचे. का, या विचाराने डोकं पिकलं होतं.

"कधीपासून दुखतंय?"

"सकाळी वांगे तोडता तोडता पाठीत धरलं. घाम फुटला."

"मग संध्याकाळपर्यंत काऊन थांबलात?" चिडले की माझ्याही तोंडून 'काऊन' निघतं.

"मी पायाळू हाये ना मॅडम. अख्खं गाव येते माह्याकडं. मीच पाय लावला. यायले बरं वाटलं, तं निजवलं."

पायाळू म्हणजे जन्मताना ज्याचे पाय आधी बाहेर आले ते माणूस. पाठीत, बरगडीत चमक धरली, म्हणजे उसण भरली, की त्याचा पाय लावून घ्यायचा, ही इकडची रीत.

इंजेक्शन दिलं. बीपी वर येईना. रामभाऊंनी एकदा डोळे उघडून वांगी बाजारात गेली का, ते विचारलं. बुलढाण्याहून ॲम्ब्युलन्स येण्याआधीच ते गेले. मला फार वाईट वाटलं. रागही आला, पण कोणाचा ते कळेना.

दुसऱ्या दिवशी आमच्या प्रोजेक्टच्या सरांचा फोन आला. "उशिराचं कारण काय? वाहन नव्हतं?"

"दारात होतं, सर. लोक याला उसण म्हणतात. आपल्या पोस्टरवर 'छातीत तीव्र वेदना' आहे."

"उसण हा मेडिकल शब्द आहे का?"

"नाही. पेशंटचा आहे."

सर कुरकुरले, पण पोस्टर बदललं. 'उसण भरली आणि घाम फुटला? आधी ईसीजी काढा.' नवं पोस्टर घेऊन मी कमलबाईंच्या घरी गेले. पाय लावून घ्यायला येणाऱ्यांना त्यांनीच दवाखान्यात धाडावं, एवढंच मागायचं होतं.

त्यांनी पोस्टर वाचलं. "माह्या पायानं यायचं काही वाईट झालं का?"

"नाही हो. पायानं काहीच होत नाही."

मला धीर द्यायचा होता.

"काहीच नाही होत?" त्या म्हणाल्या. "मंग इतके वर्स लोकायले मी काय दिलं?"



त्या दिवसापासून कमलबाईंनी कोणालाही पाय लावला नाही. दारात कोणी आलं की त्या आतूनच परत पाठवतात. मला वाटलं, आता तरी लोक थेट आमच्याकडे येतील. पण ते पलीकडच्या गावातल्या पायाळूकडे जायला लागले. ते गाव आमच्या दवाखान्यापासून आणखी लांब आहे.

नव्या प्रोजेक्टमध्ये टीमला मी एवढंच सांगते, की गावातल्या पायाळूला आधी भेटा. आणि भेटल्यावर कमी बोला.