पत्रकातून काढलेली दोन वाक्यं

वडील गिरणी कामगारांची पत्रकं लिहीत. मी वाचायला शिकले ती त्यांवरच. कॉलेजात गेल्यावर मला वाटायचं, कुठल्याही अन्यायाला एक पत्रक पुरे.

शेजारी विड्या वळणाऱ्या अक्का राहत. त्यांच्या गळ्यात कॅन्सरची गाठ होती. एस.टी.ने परगावच्या दवाखान्यात जाऊन त्या शेक घेत, म्हणजे रेडिएशन, आणि घरी एका बाबाचा अंगारा गळ्याला फासत. त्या अंगाऱ्यानं माझं डोकं फिरलं. मी पत्रक लिहिलं : पेशीत तंतुकणिका नावाच्या बारीक भट्ट्या असतात, पेशी त्यांवर जगते. कॅन्सरच्या पेशीत त्याच बिघडतात, असं काही शास्त्रज्ञ मानतात. नेमका त्यांवर घाव घालणारं औषध शोधता येईल. शेवटी होतं, 'हे अजून प्रयोगशाळेत आहे. चालू उपचार सोडू नका.' छपाईची स्टेन्सिल कापताना घोषणेला जागा उरेना. मी ती दोन वाक्यं काढली आणि 'भोंदूंना हाकला!' ठळक लिहिलं.

अक्कांच्या लेकीनं त्यांना पत्रक वाचून दाखवलं. महिन्यानं गेले तर गळ्यावर अंगारा नव्हता.

"सोडला बग," अक्का म्हणाल्या. "शेक बी सोडला."

"शेक का?"

"तूच लिवलंस की! भट्टीवरचं औषद यायलंय. मग कातडं कशाला जाळून घिऊ? भात गिळवत न्हाय त्या शेकानं."

"आमच्या गल्लीची डॉक्टरीण हाय ही," लेक कौतुकानं म्हणाली आणि तिनं चहा ठेवला. मी तो प्याले आणि घरी आले. खरं सांगायला मला आणखी चार दिवस लागले.

सांगितलं तेव्हा अक्का विडीचं पान कापत होत्या. कात्री थांबली नाही.

"कवा येनार मग औषद?"

"माहीत नाही, अक्का. कदाचित येणारही नाही."

"मग बाबात आन तुज्यात काय फरक गं? त्यो तरी शेक सोड म्हनला न्हवता."

दुसऱ्या दिवशी मी त्यांना दवाखान्यात नेलं. गाठ वाढली होती. आता शेक कितपत लागू पडेल, डॉक्टरांना सांगता येईना. "मधेच बंद का केलात?" ते अक्कांवर खेकसले.

"घरात काम निघालं, सायेब," अक्का माझ्याकडे न बघता म्हणाल्या.

डॉक्टर त्यांना अडाणी म्हणाले. मी शेजारीच उभी होते.