आधी माझी पाठ, मग तुमची गाडी

"आधी माझी पाठ, मग तुमची गाडी," असं म्हणून मामू कमरेवर मागून हात ठेवत आणि हळूच बाकड्यावर टेकत. गिऱ्हाईक नवं असलं तर त्याला वाटे, म्हाताऱ्याची तब्येत बरी नाही. तो चाकांचं सोडून हाडांच्या डॉक्टरांचे पत्ते सांगू लागे. मामू ते पत्ते शांतपणे ऐकून घेत आणि मगच खुलासा करत.

खुलासा असा, की मामू गाड्यांची चाकं विकत. साधी नव्हेत. परदेशी स्पोर्ट्स कारला असतात तसल्या चकचकीत अलॉय चाकांची हुबेहूब नक्कल, जिला बाजारात फर्स्ट कॉपी म्हणतात. नांदेडात खऱ्या स्पोर्ट्स कार बोटावर मोजण्याएवढ्या, पण आपल्या गाडीला तसली चाकं हवीत असं वाटणारी पोरं पुष्कळ. दिल्लीकडून नवं डिझाइन आलं की पहिला संच मामू स्वतःच्या जुन्या गाडीला बसवत आणि लोहा, अहमदपूर करत लातूरला जाऊन येत. वाटेतला एकही खड्डा चुकवत नसत. चुकून राहिलाच तर गाडी मागे घेत. परत आल्यावर चाकं काढून भेगा तपासायच्या, स्वतःची पाठ तपासायची, आणि दोन्ही शाबूत असतील तरच तो माल दुकानात लावायचा.

त्यांचं नाव मी सांगत नाही. सांगितलं तर हा कागद ते दुकानाच्या काचेला चिकटवतील आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला थांबवून वाचायला लावतील. नांदेडचा सगळा लातूर फाटा त्यांना मामू म्हणतो, आपणही तेच म्हणू.

मी विम्याची सर्व्हेअर. अपघात झालेली गाडी बघायची आणि नुकसान कसं झालं, किती झालं ते ठरवायचं, हे माझं काम. उमरीकडे एका गाडीचं पुढचं चाक खड्ड्यात पापडासारखं मोडलं होतं. त्याचा तुकडा घेऊन मी दुकानोदुकानी हिंडत होते. मामूंसमोर तुकडा ठेवला आणि विचारलं, "हे तुमच्याकडचं का?"

मामूंचा चेहरा पडला. "ताई, हे माझं असतं तर मी आज सरळ उभा राहिलो असतो का?" मग तुकडा उलटा करून त्यांनी आतली बाजू माझ्यापुढे धरली. "किती वजन पेलतंय त्याचा आकडा इथं पाहिजे. हाय का? बनवणाऱ्यालाच ठाऊक न्हाई, मग चाकाला काय ठाऊक असणार."

मीही तोंडाची फटकळ. म्हटलं, "तुम्ही तरी काय, नकलीच विकता ना?"

"हाव, नकलीच हाय. मी कधी असली म्हणलं? दिसायला नकली चालतंय ताई. माणूस उचलायला न्हाई चालत." एवढं बोलून त्यांनी माझ्यासाठी चहा सांगितला, आणि आमची ओळख पक्की झाली.

मेंदीनं लाल केलेली दाढी, कानात अत्तराचा बोळा आणि पायात कॉलेजच्या पोराला शोभतील असे पिवळे बूट. स्वतःवर भारी खूश माणूस. आपली चाकं लावलेली गाडी रस्त्यावरून गेली की बोलता बोलता उठून उभे राहत आणि ती दिसेनाशी होईपर्यंत सलाम करत. एकदा तशाच एका गाडीत त्यांना हवा कमी दिसली. झालं. स्कूटर काढली आणि हात हलवत, ओरडत तिच्या मागे लागले. गाडीवाला घाबरला, त्याला वाटलं लुटारू. त्यानं गाडी थेट पोलीस चौकीत घातली. मामू मागोमाग चौकीत. हवालदारानं दोघांना बसायला सांगितलं, तर मामू म्हणाले, "साहेब, आधी हवा भरून घेऊ, जबाब कुठं पळून जातोय." हवालदारही सोबत हवा भरायला गेला. पुढे त्यानं आपल्या मेहुण्याच्या गाडीला मामूंकडूनच चाकं घेतली.

चाचणीच्या फेरीत भाभी, म्हणजे मामूंच्या मंडळी, पुढच्या सीटवर असत. त्यांच्या मांडीवर घट्ट दह्याचा डबा. चाक गोल नसलं, तर गाडी वेगात थरथरते आणि दही मोडतं. लातूरला पोचल्यावर भाभी झाकण उघडून निकाल देत. एकदा हट्टानं मीही मागे बसून गेले. अहमदपूरच्या पुढे मी पुढची सीट दोन्ही हातांनी घट्ट धरली होती. लातुरात भाभींनी डब्यात डोकावून बघितलं आणि म्हणाल्या, "ताक झालंय. माल परत करा." मामू हिरमुसले, कारण ते डिझाइन त्यांना फार आवडलं होतं. मग आम्ही रस्त्याकडेला उभं राहून ते ताक मीठ घालून प्यायलो.

माझ्या शेजारी मागच्या सीटवर त्यांची मुलगी होती, एकुलती एक. फार्मसी शिकलेली. दुपट्यात असल्यापासून ती या फेऱ्यांना जायची. प्रत्येक खड्ड्याच्या आधी बरोबर खिडकीवरचा दांडा धरायची, वर मलाही बजावायची. घरात ती मंडळी दखनी बोलत, मी आपलं मराठीत सांगते आहे.

त्या मुलीचं लग्न ठरलं लातूरच्या मुलाशी. मुलाचं तिथं औषधांचं दुकान. बरात नांदेडला आली ती बसनं, आणि तिच्यापुढे नवरदेवाची लालभडक, दोन दारांची स्पोर्ट्स कार. मित्राकडून मागून आणलेली, आणि लग्नासाठी खास नवी चाकं चढवलेली. रुखसतीला, म्हणजे पाठवणीला, नवरा-नवरी त्याच गाडीतून लातूरला जाणार होते. गाडी बघून फाट्यावरची सगळी पोरं मंगल कार्यालयाच्या दारात गोळा झाली.

इतर बाप पाहुण्यांना अत्तर लावतात. मामू अत्तरदाणी भाच्याच्या हातात देऊन चाकापाशी उकिडवे बसले. शेरवानीच्या बाह्या सारून त्यांनी आत हात घातला. उठले तेव्हा हसत होते, व्याह्यांना मिठीही मारली. पण मला ते हसू खरं वाटलं नाही. निकाह झाला, जेवणं झाली. मामूंनी पंगतीत फिरून आग्रह केला, स्वतः मात्र काही खाल्लं नाही. मग माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "ताई, जरा चला. माझा हात खोटं बोलून राहिलाय का ते बघा."

मी पैठणी सावरत वाकले. मागच्या चाकाच्या नटापासून एक केसासारखी रेघ निघाली होती. ओरखडा की भेग, नजरेनं सांगता येईना. मामू जनरेटरजवळून डिझेलचा बोळा घेऊन आले. खडूची भुकटी हवी होती, ती तिथं कुठून मिळणार? भाभींनी नवरीच्या मेकअपच्या पेटीतली पावडर आणून दिली. एव्हाना सगळी बरात भोवती जमली होती आणि व्याही तांबडे झाले होते.

"कालच बसवलीत. नवी कोरी," ते म्हणाले. "सगळ्या बरातीसमोर तुम्ही आमची इज्जत काढून राहिलात."

"इज्जत तुमची, पोरगी माझी," मामू म्हणाले. आवाज चढलेला नव्हता. लग्नाच्या दिवशी व्याह्यांना दुखवणं म्हणजे काय, हे त्यांना कळत होतं. सासरी उद्यापासून लेकीलाच ऐकून घ्यावं लागणार होतं. आणि भेग खोटी निघाली असती तर मामूंना फाट्यावर तोंड दाखवायला जागा उरली नसती. मला त्यांची फार काळजी वाटली.

चाकाला डिझेल लावलं, कोरडं पुसलं, वर पावडर टाकली. थोड्या वेळानं त्या पांढऱ्या पावडरीतून एक काळी ओली रेघ वर आली, नटापासून थेट कडेपर्यंत. भेगेत मुरलेलं डिझेल बाहेर येत होतं.

नवरदेव सेहरा बाजूला सारून खाली बसला. रेघेवरून त्यानं बोट फिरवलं आणि तो उठला. गाडीवरचा फुलांचा हार काढून त्यानं बसच्या आरशाला बांधला. "अब्बा, बसमधी जाऊ," तो वडलांना म्हणाला. "बसमधी एसी बी हाय." आधी दारात आलेली नवरी हसली, मग पोरं हसली. व्याही पाय आपटत बसकडे निघाले, पण भाभींनी विहीणबाईंच्या हातात मिठाईचे डबे इतके दिले की ते धरायला व्याह्यांना माघारी यावंच लागलं. माघारी आल्यावर तेही हसले.

ऊन कलायला लागलं तशी बस भरली. नवरी खिडकीत बसली, आणि तिला निरोप द्यायला सगळे जमले, फक्त तिचा बाप तिथं नव्हता. मामू बसभोवती फिरून एकेक चाक तपासत होते. टायर दाबून बघायचं, प्रत्येक नट हातानं हलवून बघायचा.

"अब्बा, इकडं या की," मुलीनं हाक मारली.

"आलो. एक राहिलंय."

मी बघत होते. एकही राहिलेलं नव्हतं. मामूंनी पहिल्यापासून पुन्हा सुरुवात केली. ड्रायव्हरनं इंजिन चालू केलं, व्याह्यांनी हाक दिली, पुन्हा तेच, "आलो, एक राहिलंय." बसच्या पलीकडच्या बाजूला, जिथं कोणी नव्हतं, तिथं ते मागच्या चाकाशी बसून राहिले. मी बसच्या मागून डोकावले, तर त्यांची पाठ माझ्याकडे होती.

शेवटी मुलगीच खाली उतरली. जड शरारा दोन्ही हातांनी उचलून बसला वळसा घालून गेली आणि बापाशेजारी धुळीत उकिडवी बसली.

"कोणतं राहिलंय?" तिनं विचारलं.

मामूंनी समोरच्या चाकाकडे बोट दाखवलं. मेंदीचा हात पुढे करून तिनं एकेक नट हलवून बघितला, घाई न करता, सगळे.

"घट्ट हायत, अब्बा," ती म्हणाली. "जाऊ आता?"