विनूमामांची न मारायची यादी

नागावला विनूमामांच्या होमस्टेत उतरलेला पाहुणा चहा मागायला स्वयंपाकघरात शिरू लागला, की मामा उंबऱ्यावर लाकडी पट्टी आडवी धरत. "थांबा सायेब. तुम्ही युजर. आत कर्नेल हाय. मागायचा तो खिडकीतून." पाहुणा मुकाट्याने खिडकीशी जाई. मामी चहा देत आणि कपाळाला हात लावत.

कर्नेल म्हणजे संगणकाच्या पोटातला कारभारी; कुणाला काय, किती आणि कधी द्यायचं ते ठरवणारा. मामांनी जन्म काढला मांडव्याच्या लाँचवर, इंजिनापाशी. निवृत्त झाल्यावर कुण्या पाहुण्याचं विसरलेलं, कर्नेलवरचं जाडजूड पुस्तक हाती लागलं आणि ते शब्दकोश घेऊन त्यामागे लागले. मी शेजारची, संगणकाची पदवीधर, याच विषयाच्या मुलाखतीत तीनदा आपटलेली. त्यामुळे शंका मला विचारत. मला उत्तरं येत नसत. "वरवरचा सांगू नको, पोरी," मामा म्हणत. "वरवरचा तर कालेजात बी शिकवतात."

एका रविवारी धावतच बोलवायला आले. चेहऱ्यावर लग्नघरातला आनंद. "सायली, चल लवकर! जित्ता डेडलॉक!"

न्हाणीघरात एक गृहस्थ आतून कडी लावून गरम पाण्याच्या बादलीची वाट पाहत होते. बादली बाहेर एका बाईंच्या हातात, आणि बाई न्हाणीघर रिकामं होण्याची वाट पाहत होत्या. हातातलं कुणीच सोडेना, म्हणून दोघंही अडकलेले; संगणकात यालाच डेडलॉक म्हणतात. "अवो, सोडवा की त्यांना!" मामी ओरडल्या. "थांब जरा. पोरीला नीट बघू दे." पाणी पार निवल्यावर मामांनी भिंतीवर खडूने लिहिलं: आधी बादली, मग न्हाणीघर. "घ्यायचा क्रम सगळ्यांचा एकच ठेवला, की कोन अडकत न्हाय." पुस्तकातलं हे प्रकरण मी चारदा वाचलं होतं. कळलं त्या दिवशी.

चौथी मुलाखत ऑनलाइन होती. बाबांनी बजावलं होतं, ही गेली तर गुमान पतपेढीत चिकटायचं. आमच्याकडे विजेचा भरवसा नाही, म्हणून मी माझा लॅपटॉप घेऊन मामांकडे बसले. त्यांच्याकडे इन्व्हर्टर होता. मुलाखत सुरू झाली आणि वीज गेली. दहा मिनिटांत इन्व्हर्टरही कुंथू लागला.

मामा पट्टी घेऊन घरभर फिरू लागले. मेमरी संपत आली की कर्नेल बाकीच्यांना जगवण्यासाठी एकाला मारतं. सहसा जास्त खाणाऱ्याला. मामांनी आधी सुरमईने भरलेला फ्रीज मारला. मग पाहुण्यांचे पंखे, मग ऐन मॅचमध्ये टीव्ही. पाहुण्यांनी आरडाओरडा केला. "तक्रार खिडकीत," मामा म्हणाले. तरी इन्व्हर्टर कुंथतच होता. नेमकं तेव्हाच मुलाखतकार मला विचारत होते, कुणाला मारायचं हे कर्नेल कसं ठरवतं. मला हसू आवरेना, पण उत्तर मात्र धडाधड येत होतं. मागे कुठेतरी आणखी एक बटण खट्ट झालं.

तासाभराने बाहेर आले तर कोपऱ्यातला मामांचा जुना संगणक काळाठिक्कर. त्यावर त्यांनी स्वतः बांधलेलं कर्नेल दोन वर्षं एकदाही बंद न पडता चालू होतं. इन्व्हर्टर घेतला तो त्याच्यासाठीच. काहींना काही झालं तरी मारायचं नाही, अशीही सोय कर्नेलमध्ये असते. तशी यादी मामांनी इन्व्हर्टरवर चिकटवली होती. यादीत एकच नाव होतं, त्या संगणकाचं. आता त्यावर काट होती आणि खाली वाकड्या अक्षरात लिहिलं होतं: सायली.

आठवड्याने नोकरीचं पत्र आलं. पण रडू मला आलं ते मुलाखतीच्याच दिवशी, त्या यादीपुढे.

"मामा, दोन वर्षं गेली हो तुमची!"

"जाऊं दे गो," मामा म्हणाले. "कर्नेल परत चालू करता येतो. तुझ्या बापाचा डोका पतपेढीवर अडकला, तर तो येत न्हाय."