सलंगातली माती

हे मी आजवर कोणाजवळ बोलले नाही. नवऱ्याजवळ नाही, पाठच्या बहिणीजवळ नाही. देवापुढे हात जोडायची तेव्हाही — खरं सांगते — दुसरंच काहीतरी मागून उठायची. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून कदाचित सांगता येईल. की हेही एक निमित्तच? असो. सांगते.

आमचं गाव नागभीडपासून बैलगाडीने अर्ध्या दिवसाच्या वाटेवर. वर तलाव, खाली धानाच्या बांध्या, आणि बांध्यांना लागून खालचा टोला, सखलातली वस्ती. मालगुजार, म्हणजे गावचा जमीनदार, होता तोवर तलावाची पाळ तो बांधून घ्यायचा, दरडावून का होईना. मग मालगुजारी गेली, तलाव सरकारचा झाला, आणि सरकार बसलं दूर चांद्याला. पाळ फुटली तर चांद्याहून कोण धावत येणार होतं? म्हणून गावाने बसून आपलं आपणच ठरवलं. उन्हाळ्यात घरटी दोन माणसांनी पाळीवर माती टाकायची. धोका दिसला की देवळापुढे डफ वाजेल. डफ वाजला की खालच्या टोल्यातली म्हातारी माणसं, लेकरं, गुरं वरच्या शाळेकडे न्यायची, बकाराम कोतवालाने एकेका घराचं नाव पुकारायचं, आणि बाकी सगळ्यांनी टोपली-फावडी घेऊन पाळीवर जायचं. कागदावर एक अक्षर नव्हतं. पण सगळ्यांना पाठ होतं.

आणि सलंग — म्हणजे तलाव भरला की जास्तीचं पाणी बाहेर पडायची दगडी वाट — ती राखायचं काम सोमाभाऊ ढिवराकडे. त्याचे मासे तलावात, तो रोज तिथेच. मासे वाहून जाऊ नयेत म्हणून त्याने सलंगावर बांबूची तट्टी लावली होती, गावाला विचारूनच.

आमची बांधी अगदी टोकाची. कार्तिकात तलावाचं पाणी सोडायचे, ते सगळ्यांच्या बांध्या भिजवत आमच्यापर्यंत यायच्या आत तलाव तळाला जायचा. आदल्या साली आमच्या लोंब्या पोचट निघाल्या होत्या. हे मी का सांगते आहे? तुम्हाला माझी कीव यावी म्हणून? तसं असेल तर हे ऐकलं नाही असं समजा.

त्या भादव्यात तलाव काठोकाठ भरला. मी गवत कापायला गेले होते, भर दुपारी. सलंगावरून पाणी नुसतं वाहून चाललं होतं — आमचं पाणी, असं मला वाटलं. सोमाभाऊ बायकोला घेऊन आरमोरीकडे गेला होता, सासऱ्याच्या तेराव्याला. तो गावात नाही, हे मला ठाऊक होतं. तेही सांगायलाच हवं.

मी तट्टीला दगड लावले. पळसाच्या फांद्या खोवल्या. वरून चिखल थापला. दुसऱ्या दुपारी पुन्हा गेले आणि आणखी वीतभर चढवला. पाणी थांबलं; आता कार्तिकात ते आमच्या बांधीपर्यंत पुरेल. मला — काय सांगू — फार हुशार झाल्यासारखं वाटलं.

तिसऱ्या दिवशी पाऊस लागला तो थांबेचना. चौथ्या सकाळी डफ वाजला.

पाळीच्या मधोमध पाणी झिरपत होतं, बोटभर धार, मग मनगटाएवढी. पण गाव कसं उभं राहिलं, ते तुम्ही पाहायला हवं होतं! कोणी घराची दारं काढून आणली, कोणी धानाच्या तणसाचे भारे. ज्यांचं एकमेकांशी बोलणं नव्हतं ते एकाच टोपल्याला दोन बाजूंनी धरून चालले होते. शाळेकडून बकारामचा आवाज येत होता, एकेक घर पुकारत, आणि प्रत्येक नावाला आतून कोणीतरी ओ देत होतं. एकही घर सुटलं नाही.

थोड्या वेळाने तो धापा टाकत पाळीवर आला. म्हणाला, "एवढी माती टाकली, तरी पाणी काऊन उतरून नाई राह्यलं?"

"सलंग वाहूनच राह्यला असन," कोणीतरी म्हणालं. सलंग पार पलीकडच्या टोकाला, पळसाच्या झाडोऱ्याआड. इथून दिसत नव्हता.

मी दहा पावलांवर होते. डोक्यावर चिखलाचं टोपलं. एक वाक्य बोलायचं होतं — एकच. सलंग बंद आहे. खालच्या टोल्यात माझ्या जावेचं घर होतं, आणि मी तोंड उघडलं नाही. टोपलं उलटलं, पुन्हा भरायला वळले. फुटली असती पाळ तर? तरी मी गप्पच राहिले असते का? मला वाटतं — हो.

दुपारच्या सुमारास सोमाभाऊ आला, नखशिखांत भिजलेला. नाल्याला पूर, तो पोहून आला होता. आल्या आल्या विचारलं, "सलंग पाह्यला का कोणं?"

आणि तो तसाच सलंगाकडे धावला, मागून काही जण. त्याने कमरेला दोर बांधला, चौघांनी धरला, आणि तो त्या ओढीत उतरला. एकेक दगड हातांनी काढला. तट्टी मोडून पडली तसं पाणी गर्जत बाहेर धावलं, आणि पाळीवरची धार हळूहळू बारीक झाली. गाव वाचलं.

आठ दिवसांनी देवळापुढे बैठक झाली. लोक म्हणाले, मासे जाऊ नयेत म्हणून यानेच जाताना सलंग बुजवला. सोमाभाऊ उभा राहिला. "माती मी नाई टाकली. पण राखण माह्यी होती, अन् मी गावात नोहतो." एवढंच. गावाने वर्षभर त्याची मासेमारी बंद केली. तो आणि त्याची बायको बांबू तोडायला जंगलात जाऊ लागले. मी बायकांत बसले होते, पदर पुढे ओढून.

त्या बैठकीतून एक चांगली गोष्ट निघाली, आणि ती आजही टिकून आहे. सलंगाची राखण एकाच माणसावर ठेवायची नाही असं ठरलं. दोन-दोन घरांनी आळीपाळीने राखायचा, बायकांनीही. पुढे कितीतरी मोठे पावसाळे आले, पाळ फुटली नाही. शेजारची गावं येऊन आमची रीत पाहून गेली. माझी पाळी आली की मीही गेले, वर्षानुवर्षं. त्याला प्रायश्चित्त म्हणणार नाही. पाळी होती, गेले.

वर्ष सरलं तसं गावानेच सोमाभाऊला परत बोलावलं. असा पाण्यातला माणूस गावाला हवाच होता. पहिली जाळी ओढली तेव्हा त्याने, त्या दिवशी पाळीवर असलेल्या प्रत्येक घरी मासे पाठवले. आमच्याकडे त्याची बायको आली, पळसाच्या पानात चार मासे घेऊन.

"बाई, त्या दिवशी तुमी लय माती वाह्यली म्हणे. आमच्या यायनं मुद्दाम पाठवले."

मी पान हातात घेतलं. बसा म्हणाले, पाणी दिलं. ती गेल्यावर मासे साफ केले, रांधले, सगळ्यांना वाढले. मग स्वतःचं ताट घेतलं आणि पोटभर जेवले.