शिलाईला शिलाईच म्हणायचं

सकाळी शाळेत अर्धवेळ शिकवायचं आणि दुपारी नऊवारी शिवायची, असं माझं देवासात बरीच वर्षं चाललंय. इथल्या आमच्या मराठी मुलींना लुगडं नेसता येत नाही, पण लग्नात प्रत्येकीला नऊवारीच हवी. त्यामुळे शिवून तयार, नुसत्या चढवायच्या नऊवारीला गिऱ्हाईक कमी पडत नाही.

अडचण एवढीच की गिऱ्हाईक सगळं ओळखीचं, आणि ओळखीच्यांकडे शिलाई मागणं सासूबाईंच्या मते चांगल्या घरात शोभत नाही. कुणी विचारलं, "काय द्यायचं गं?" की मी गोड हसून म्हणायची, "द्या हो, काय द्यायचं ते." पूर्वी लोक ओटीत पाकीट घालायचे. आता मोबाइलवरून पाठवतात, पण शिलाई म्हणायची त्यांनाही लाज. पैशांसोबत लिहितात 'ओटी', 'आहेर', आणि भर मे महिन्यात 'भाऊबीज'.

यंदा मला बाजारात एक गाळा घ्यायचा होता. माझा, दारावर पाटी असलेला. बँकेतले साहेब म्हणाले, अर्ध्या पगारावर एवढं कर्ज मिळणार नाही, धंद्याचं उत्पन्न रिटर्नमध्ये दाखवा. मी कर सल्लागाराकडे गेले. त्यानं माझ्या खात्याचा उतारा वरपासून खालपर्यंत वाचला.

"भाभीजी, आपके भाई कितने हैं?"

"एकच. तिकडे मनावर गावात असतो. और वो कुछ नहीं देता."

"तो मई में ये भाईदूज कौन मना रहा है?"

मी सगळं सांगितलं. तो इतका हसला की मला राग आला. म्हटलं, "नात्यातल्यांच्या भेटीवर कर नसतो ना? मग राहू द्या तसंच."

"पहले साबित करो कि आधा देवास आपका रिश्तेदार है."

ते मी सहज केलं असतं, पण भेटींवर कर्ज कोण देणार? शेवटी ठरलं ते असं: शिलाई धंद्याचं उत्पन्न म्हणून लिहायची, पगारात मिळवायची आणि दोन्हींवर मिळून कर भरायचा. शाळा कर कापते तो तिनं दिलेल्या पगारापुरताच. उरलेला मार्चच्या आत आपण होऊन भरायचा. आणि यापुढे प्रत्येकाला बिल. मी कर भरला आणि चक्क खूश होऊन बाहेर पडले.

सासूबाई मात्र भडकल्या. "घरच्यांना बिल? उद्या जेवायला वाढून ताटावर भाव लाव!"

त्याच आठवड्यात धारहून त्यांची धाकटी बहीण, म्हणजे आमच्या मावशी, नातीच्या लग्नाचं लुगडं न्यायला आल्या. सासूबाई खाटेवर बसून त्याच लुगड्याच्या काठाला शेवटची तुरपाई घालत होत्या. मावशींनी पर्स उघडली. "काय द्यायचं गं?"

मी गाळ्यावरची पाटी डोळ्यांसमोर आणली आणि एका दमात आकडा सांगून टाकला.

मावशी बघतच राहिल्या. "एवढंच? अगं, मी तर दर वेळी याहून जास्त देत आलेय!"

मला कुठे तोंड लपवू असं झालं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा तोंड उघडलं, तेही स्वतःला स्वस्तात विकायला! घाईघाईनं हिशेब मांडू लागले: कापायचे इतके, मशीनचे इतके, अस्तराचे इतके, माझ्या मेहनतीचे इतके. मेहनतीचे म्हणताना आवाज जरा चढलाच. माझं काम लोकांनी घरचं म्हणून धरलं याचा सगळा राग त्यात होता.

सासूबाईंनी दातांनी दोरा तोडला. मान वर न करता म्हणाल्या, "आणि तुरपाईचे? ती आपोआप होते वाटतं?"

मावशी खो खो हसल्या. मी सासूबाईंच्या हातांकडे पाहिलं. आजवरच्या एकूण एक लुगड्याचा काठ त्याच हातांखालून गेला होता. मग मी मावशींना नवा आकडा सांगितला.